गोरगरिबांचे वकील संत इव्हो



महोत्सव म्हटला म्हणजे देवळाची रोषणाई, बँडचा गजर, मिरवणूक आणि प्रीतिभोजन ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परमेश्वराने इतकी वर्षे आपल्या धर्मग्रामावर जे उपकार केले त्यांची आठवण आनंदाने करावी, हे योग्यच होय. तथापि महोत्सवाची मूळ कल्पना जेथून आपल्याकडे आली त्या मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहिले, तर तेथे रोषणाईचा उल्लेख नाही. तेथे असे सांगितले आहे की, दर 50 व्या वर्षी देशभर रणशिंग फुंकावे, कर्जापायी ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळे ज्याने स्वतःस दुसऱ्याच्या चाकरीस विकले असेल त्याने मुक्त होऊन आपल्या कुटुंबात परत जावे. एवंच, जो आपल्या घरादारापासून तुटला त्यास पुन्हा घरी पोहोचविणे हा महोत्सवाचा पहिला अर्थ होय. आणि यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे कार्य धनवानाच्या दयेवर सोडलेले नव्हते. तो कायदा होता.

दया आणि कायदा ही दोन्ही ज्यांच्या हातात एकत्र आली, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र या महोत्सवाच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. ते म्हणजे वकिलांचे आश्रयदाते आणि निराधारांचे कैवारी संत इव्हो. युरोपात त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. आपल्या देशात मात्र ते कायद्याच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणास ठाऊक नाही. यास्तव त्यांची हकीगत थोडी विस्ताराने सांगतो.

जन्म व विद्याभ्यास

फ्रान्स देशाच्या वायव्य टोकास समुद्रात घुसलेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील लोक दर्यावर्दी, कष्टाळू व भाविक असून त्यांची ब्रेटन भाषा फ्रेंच भाषेहून अगदी निराळी आहे. या प्रांतातील त्रेगिए या गावालगत केरमार्टिन नावाच्या वाड्यात 17 ऑक्टोबर 1253 रोजी इव्हो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील हेलोरी हे लहानसे जमीनदार होते. घराणे कुलीन होते, परंतु फार श्रीमंत नव्हते. आईचे नाव आझो. मुलाने पुढे संत होण्यासारखे वागावे, अशी शिकवण या मातेने त्यास लहानपणापासून दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

वयाच्या 14 व्या वर्षी, म्हणजे 1267 साली, इव्हो यांना विद्याभ्यासासाठी पॅरिस येथे पाठविण्यात आले. पॅरिसचे विद्यापीठ त्या काळी साऱ्या ख्रिस्ती जगताचे विद्यामाहेर होते. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान व ख्रिस्तसभेचा कायदा यांचा दहा वर्षे अभ्यास केला. रोमन लोकांचा दिवाणी कायदा मात्र पॅरिसमध्ये शिकता येत नसे. कारण तेथे तो शिकविण्यास तिसरे होनोरियस या पोपमहोदयांनी 1219 सालीच मनाई केली होती. म्हणून 1277 साली ते ऑर्लेआं या शहरी गेले आणि तेथे त्यांनी दिवाणी कायद्याचे शिक्षण पुरे केले. अशा रीतीने दोन्ही कायद्यांत ते पारंगत झाले.

त्या काळी विद्यार्थिदशा ही चैनीची व दंग्याधोप्याची दशा समजली जात असे. इव्हो यांचे सोबती मात्र पुढे शपथेवर सांगते झाले की, हा तरुण मांस व मद्य वर्ज्य करी, गवताच्या शेजेवर निजे, आणि आपल्या ताटातील वाटा दारी आलेल्या गरिबास देई. विद्या आणि व्रतस्थपणा या दोहोंची सांगड त्यांनी येथेच घातली व ती मरेपर्यंत सुटू दिली नाही.

न्यायासनावर

मध्ययुगात युरोपात राजाची न्यायालये निराळी व ख्रिस्तसभेची न्यायालये निराळी अशी व्यवस्था होती. विवाह, मृत्युपत्रे, धर्मगुरूंविषयीचे तंटे, त्याचप्रमाणे विधवा व पोरकी मुले यांची गाऱ्हाणी बिशपांच्या न्यायालयात चालत. ज्यांना जगात दुसरा कोणी वाली नाही अशा दीनजनांचे रक्षण करणे हे ख्रिस्तसभेचे खास कर्तव्य होय, असे त्या कायद्याचे तत्त्व होते. या न्यायालयात बिशपांच्या वतीने निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यास धर्मन्यायाधीश म्हणू. 1280 च्या सुमारास इव्हो यांची रेन येथे धर्मन्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्या शहरी असताना ते फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मठात जाऊन पवित्र शास्त्रावरील व्याख्याने ऐकत. त्या मठातील दारिद्र्यव्रताचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. अधिकाऱ्यास शोभणारी आपली भारी वस्त्रे त्यांनी हळूहळू गरिबांस देऊन टाकली आणि स्वतः जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरू लागले.

पुढे त्यांच्या स्वतःच्या त्रेगिए धर्मप्रांताचे बिशप आलँ द ब्रुक यांनी 1284 च्या सुमारास त्यांना परत बोलावून घेतले व तेथील धर्मन्यायाधीश केले. त्याच सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली. इव्हो न्यायासनावर बसत तेव्हा त्यांची पहिली खटपट वादी व प्रतिवादी यांचा समेट घडवून आणण्याची असे. खटला जितका लांबे तितकी दोन्ही घरे बुडतात, हे ते पाहत होते. भावाभावांचे, पिता-पुत्रांचे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे तंटे त्यांनी न्यायालयाच्या उंबऱ्यावरच मिटविले. समेट न जमल्यास ते निकाल देत. आणि निकाल देताना समोरचा सरदार आहे की मजूर आहे याकडे पाहत नसत. त्या काळी न्यायाधीशास नजराणे देण्याची राजरोस वहिवाट होती. इव्हो यांनी असा एकही नजराणा कधी स्वीकारला नाही.

राजसत्तेपुढेही ते वाकले नाहीत. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याचे वसुलीदार ख्रिस्तसभेच्या मालमत्तेवर कर बसवून जप्ती करू लागले, तेव्हा इव्हो यांनी उघड विरोध केला. बिशपांचा घोडा जप्त करून नेणाऱ्या माणसाच्या हातून त्यांनी लगाम खेचून तो परत आणला, अशी हकीगत साक्षीदारांनी नोंदविली आहे. यासाठी त्यांना शिव्याशाप व धमक्या ऐकाव्या लागल्या. त्यांच्या हुद्द्याला हे शोभत नाही असे म्हणणारेही निघाले. परंतु ज्याने स्वतःची वस्त्रेसुद्धा देऊन टाकली त्यास धमकी कशाची घालणार?

विनामूल्य वकिली

आता ज्या गोष्टीमुळे इव्हो यांचे नाव अजरामर झाले तिच्याकडे वळू. आपल्या स्वतःच्या न्यायालयात ते न्यायाधीश होते. पण गरिबांचे खटले तेवढ्या एकाच न्यायालयात चालत नसत. काही राजाच्या किंवा सरदारांच्या न्यायालयात चालत, तर काही अपिलात थेट तूर शहरी आर्चबिशपांच्या न्यायालयापर्यंत जात. तेथे वकील देणे गरिबास परवडत नसे. सावकार, सरदार व मठाधिपती यांच्या बाजूने नामांकित वकील उभे राहत आणि समोर बिचारा कुळवाडी, ज्याला न्यायालयाची लॅटिन भाषाही कळत नसे, हात जोडून उभा असे. असा सामना न्यायाचा कसा म्हणावा?

इव्हो यांनी ठरविले की, अशा लोकांचे वकील आपण व्हायचे. ते पायी किंवा घोड्यावर दूरदूरच्या न्यायालयांत जात, गरिबाची बाजू मांडीत, आणि त्याबद्दल एक छदामही घेत नसत. उलट कागदपत्रांचा व प्रवासाचा खर्च ते पुष्कळदा स्वतःच्या पदराने करीत. एका निर्धन माणसाची बाजू घेऊन ते एका मोठ्या मठाच्या अधिपतीविरुद्धही उभे राहिले. आपण धर्मगुरू आहोत, तेव्हा धर्मगुरूंचीच बाजू घेतली पाहिजे, असा संकुचित विचार त्यांच्या मनास शिवला नाही. मात्र त्यांचा एक नियम होता. खटला न्याय्य आहे अशी खात्री पटल्यावाचून ते तो हाती घेत नसत. गरीब असला म्हणून त्याचे खोटे खरे करावयाचे नाही, आणि श्रीमंत असला म्हणून त्याचे खरे खोटे करावयाचे नाही, असे त्यांचे धोरण होते.

कारागृहातील कैद्यांना भेटावयास ते जात. विधवांची देणी, पोरक्या मुलांचे हिस्से, फसवून घेतलेल्या जमिनी यांची कागदपत्रे ते स्वतः वाचून पाहत. लोक त्यांना गोरगरिबांचे वकील म्हणू लागले. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती. रस्त्यावरील लोकांनी दिलेली होती.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ज्याला वकील नाही त्यास न्यायाधिकाऱ्याने वकील नेमून द्यावा, असा नियम प्राचीन रोमन कायद्यात होता. इव्हो यांनी तो ऑर्लेआं येथे शिकला असलाच पाहिजे. अर्थात विनामूल्य कायदेशीर मदत ही त्यांनी नव्याने शोधून काढलेली वस्तू नव्हे. पुस्तकात असलेला धर्म त्यांनी रस्त्यावर आणला, हे त्यांचे श्रेय होय.

तूर येथील विधवेचा खटला

इव्हो यांच्या बुद्धिचातुर्याविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अशी. तूर शहरी एक विधवा लहानशी खाणावळ चालवीत असे, आणि त्याच घरात ती राहत असे. तिच्याकडे दोन व्यापारी उतरले. त्यांनी एक जड पिशवी तिच्या स्वाधीन केली व बजावले की, आम्ही दोघे मिळून मागू तेव्हाच ती द्यावी, एकट्यास देऊ नये. काही दिवसांनी त्यांपैकी एकजण घाईघाईने आला व काहीतरी निमित्त सांगून पिशवी घेऊन गेला. तो परत आलाच नाही. मग दुसरा उभा राहिला आणि त्याने विधवेवर फिर्याद ठोकली. पिशवीत पुष्कळ सोन्याची नाणी होती, ती तिने भरून द्यावी, असा त्याचा दावा होता. निकाल विरुद्ध जाणार हे दिसतच होते. तसे झाले असते तर घर विकून ती बाई रस्त्यावर आली असती.

इव्हो त्या वेळी तूर येथे आले होते. बाईची हकीगत ऐकून त्यांनी तिची बाजू घेतली. निकालाच्या दिवशी ते न्यायाधीशापुढे उभे राहिले व म्हणाले की, पिशवी हजर करण्यास माझी अशील तयार आहे; परंतु वादीने स्वतःच सांगितलेली अट अशी की, दोघे एकत्र आल्याखेरीज पिशवी द्यावयाची नाही; तेव्हा वादीने आधी आपल्या सोबत्यास हजर करावे. न्यायाधीशास ही मागणी रास्त वाटली. वादीचा चेहरा उतरला. संशय येऊन त्यास पकडण्यात आले, तेव्हा त्याने कबूल केले की दोघेही एकाच कटातले लुच्चे असून पिशवीत सोने नव्हते, भंगार लोखंड होते. विधवा सुटली व तिचे घर वाचले.

ही कथा अक्षरशः अशीच घडली की लोकांनी ती पुढे सजविली, याची चर्चा विद्वानांनी करावी. तिच्यात सांगितलेला प्रकार मात्र आजही नित्याचा आहे. अडाणी माणसाला अटींत गुंतवून घराबाहेर काढणारे लोक त्या काळी होते आणि आजही आहेत. आणि त्या अटी समजावून सांगणारा एक जाणता माणूस वेळेवर भेटला तर एक घर वाचते, हेही तेव्हाइतकेच आज खरे आहे.

केरमार्टिनचा वाडा

न्यायालयात बेघराची बाजू मांडणारे वकील पुष्कळ असतील. त्यास आपल्या घरी नेऊन ठेवणारे थोडे. वडिलांमागे केरमार्टिनचा वाडा इव्हो यांच्याकडे आला. त्यांनी त्याचे दार निराधारांसाठी उघडे केले. भिकारी, आजारी, यात्रेकरू, अनाथ मुले, ज्यास रात्री टेकावयास जागा नाही तो, अशा सर्वांस तेथे आसरा मिळे. इव्हो स्वतः त्यांना वाढीत, त्यांचे पाय धूत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत; कोणी मेला तर त्यास मूठमाती देत. हुशार मुलांच्या शिक्षणाची सोयही त्यांनी केली.

रिवालों नावाचा एक गाणारा-बजावणारा भटका खेळ्या होता. तो, त्याची बायको पांथोआदा व त्यांची मुले एके दिवशी वाड्याच्या दारी येऊन उभी राहिली आणि देवाच्या नावाने एका रात्रीचा निवारा मागू लागली. त्या काळी भटक्या खेळ्यांना भल्या लोकांत कोणी थारा देत नसे. इव्हो यांनी या कुटुंबास घरात घेतले. एका रात्रीसाठी आलेले ते कुटुंब पुढे कित्येक वर्षे, इव्हो यांच्या अंतकाळापर्यंत, तेथेच राहिले. पुढे इव्हो यांच्या संतपदाची चौकशी झाली तेव्हा पांथोआदा साक्षीस उभी राहिली. ज्यांना कोणत्याही न्यायालयात कोणी साक्षीस बोलाविले नसते अशांच्या साक्षीवर एक संत ठरला, ही केवढी नवलाची गोष्ट!

आणखी एक प्रसंग सांगतात. एका पहाटे इव्हो बाहेर निघाले असता दाराशी एक भिकारी थंडीने काकडत पडलेला त्यांना दिसला. रात्री उशीर झाल्यामुळे तो आत आला नव्हता. इव्हो यांना अतिशय खेद झाला. दुसऱ्या रात्री त्यांनी त्या भिकाऱ्यास आपल्या शेजेवर निजविले आणि स्वतः त्याच्या जागी दाराबाहेर दगडावर झोपले. दार उघडे ठेवणे पुरे नाही. ते उघडे आहे हे बाहेरच्यास कळले पाहिजे, हा बोध त्यांनी स्वतःच्या अंगावर थंडी घेऊन करून घेतला.

1297 साली त्यांनी आपले मृत्युपत्र केले व केरमार्टिन येथे बांधलेल्या प्रार्थनामंदिराची कायमची व्यवस्था लावून दिली. दुसऱ्यांची मृत्युपत्रे तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी स्वतःचेही कागद नीट ठेवले.

धर्मग्रामातील सेवा व मृत्यू

एवढ्या व्यापात इव्हो हे साधे पॅरिश प्रीस्ट होते, याचा आपणांस विसर पडू नये. प्रथम त्रेद्रे येथे व 1292 च्या सुमारापासून लुआनेक येथे त्यांनी धर्मग्रामाचा कारभार पाहिला. ते लोकांना त्यांच्या ब्रेटन भाषेत उपदेश करीत. एकाच दिवशी चार-पाच देवळांत पायी जाऊन प्रवचने करीत. पाप क्षमेचा संस्कार देताना ते इतक्या कळवळ्याने बोलत की, वर्षानुवर्षांचे वैरी उठून एकमेकांस भेटत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी न्यायाधीशपद सोडून दिले व उरलेला वेळ प्रार्थना, उपवास, उपदेश आणि गरिबांची सेवा यांत घालविला.

कठोर उपवासांनी देह झिजला होता. 1303 साली मे महिन्यात प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी दोघांच्या खांद्यांचा आधार घेऊन मिस्सा केला व लोकांस उपदेश केला. त्यानंतर ते आपल्या नेहमीच्या शेजेवर पडले, ते पुन्हा उठले नाहीत. 19 मे 1303 रोजी, रविवारी, त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय 49 वर्षांचे होते. त्रेगिए येथील कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले.

संतपद

त्यांच्या कबरीवर लोकांची रीघ लागली. 1330 साली बावीसावे जॉन या पोपमहोदयांच्या आज्ञेने चौकशी समिती त्रेगिए येथे आली. तिच्यापुढे 243 साक्षीदारांनी जबान्या दिल्या. त्यांत बिशप व सरदार होते, तसे शेतकरी, नोकर व भटकेही होते. आपण इव्हो यांच्याविषयी जे जाणतो त्यातील पुष्कळसा भाग या जबान्यांतून आलेला आहे. 1347 साली पोप सहावे क्लेमेंत यांनी त्यांस संतपद बहाल केले. 19 मे हा त्यांचा सण होय.

पुढील शतकांत वकील व न्यायाधीश यांनी त्यांना आपले आश्रयदाते मानले. रोम, नेपल्स इत्यादी शहरांत त्यांच्या नावाने वकिलांची मंडळे निघाली. त्यांतील सभासद गरिबांचे खटले फुकट चालवीत. रोमच्या जुन्या विद्यापीठातील देऊळ, जे शिल्पकार बोरोमिनी याने 17 व्या शतकात बांधले, तेही याच संताच्या नावाचे आहे. चित्रकार त्यांना नेहमी एकाच रूपात दाखवितात. मध्ये हाती कागदाची गुंडाळी घेतलेले इव्हो, एका बाजूस थैली पुढे करणारा श्रीमंत, दुसऱ्या बाजूस फाटक्या वस्त्रांचा गरीब. आणि संताचे मुख गरिबाकडे वळलेले. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांची जुनी समाधी उद्ध्वस्त झाली. 1890 साली नवी उभारण्यात आली. आजही दर मे महिन्यात त्रेगिए येथे मोठी यात्रा भरते व देशोदेशीचे वकील आपले झगे घालून तीत चालतात. 2003 साली त्यांच्या मृत्यूस 700 वर्षे झाली, तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल यांनी खास संदेश पाठवून त्यांचे स्मरण केले.

आपल्या देशात

आपल्या देशात या मार्गाने गेलेले पुरुष झाले नाहीत असे नाही. बेल्जियमहून आलेले येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स 1885 साली छोटानागपुरातील तोरपा येथे गेले. जमीनदार मुंडा व उरांव लोकांच्या जमिनी बळकावीत व त्यांस वेठीस धरीत, हे पाहून त्यांनी जमिनीचा कायदा व आदिवासींच्या रूढी यांचा अभ्यास केला आणि न्यायालयात त्यांना मदत केली. अति श्रमाने क्षय जडून 1893 साली वयाच्या 37 व्या वर्षी ते वारले. घर जाण्यापूर्वी जमीन जाते, आणि जमीन जाण्यापूर्वी कागद जातो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या मुंबईतील एक खटला तर साऱ्या देशाच्या कायद्यात नमूद झाला आहे. 1981 साली ऐन पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पाडून त्यांत राहणाऱ्यांस त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा हुकूम सरकारने काढला. त्याविरुद्ध ओल्गा टेलिस या पत्रकार बाई व काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल दिला. घटनेच्या 21 व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्कात पोट भरण्याच्या साधनाचा हक्कही येतो, असे त्यात ठरले. पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. परंतु माणसास हलविण्यापूर्वी त्यास नोटीस दिली पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे साधारण तत्त्व सांगितले. आणि पावसाळा संपून 31 ऑक्टोबर उलटेपर्यंत त्या झोपड्या हलवू नयेत असा आदेश दिला. म्हणणे ऐकून घेणे ही गोष्ट वरवर लहान दिसते. पण ज्याचे म्हणणे आजवर कोणीच ऐकले नाही त्याच्या लेखी ती केवढी मोठी आहे, हे इव्हो यांनी जाणले असते.

पैशाच्या अभावी कोणी न्यायास मुकू नये, म्हणून राज्याने विनामूल्य कायदेशीर साहाय्य द्यावे, असे 39-अ हे कलम 1976 साली घटनेत घालण्यात आले. त्याप्रमाणे 1987 साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला व तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक, अपंग, कारखान्यातील कामगार, कोठडीत असलेले, वेठबिगारीत सापडलेले, पूर-भूकंपासारख्या संकटात सापडलेले, आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले, या सर्वांना या कायद्याने वकील फुकट मिळतो. बेघर माणसाचा उल्लेख त्यात निराळा नाही. पण रस्त्यावर राहणारा माणूस यांपैकी कोणत्या ना कोणत्या वर्गात बहुधा बसतोच.

आपल्या रस्त्यावर

आता आपल्या घोडबंदर रोडकडे पाहू. ज्या बंदरावर एके काळी घोडे उतरत असे त्याचे नाव सांगते, त्या खाडीकाठच्या गावाकडे जाणारा हा रस्ता. मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली, ओवळा येथे पूर्वी शेते व पाडे होते. आज तेथे पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत. त्या इमारती ज्यांनी बांधल्या ते लोक कोठे राहतात? बांधकाम चालू असेपर्यंत पत्र्याच्या खोपटात. काम संपले की उड्डाणपुलाखाली, नाहीतर दुसऱ्या खोपटात. सकाळी नाक्यावर मजुरीची वाट पाहत उभे असलेले जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी आपण रोज पाहतो. मुकादमाने मजुरी बुडविली तर त्यांनी कोणाकडे जावे? पत्ता नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून रेशन नाही, अशा फेऱ्यात सापडलेल्या बाईने कोणता दरवाजा ठोठवावा? भीक मागण्यास मनाई करणारा 1959 सालचा कायदा दाखवून कोणास धरून नेले, तर त्याच्या वतीने कोणी बोलावे?

आपल्या धर्मग्रामात दानधर्म होत नाही असे कोण म्हणेल? नाताळात घोंगड्या वाटल्या जातात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधू घरोघर धान्य पोहोचवितात. हे कार्य चालूच राहिले पाहिजे. परंतु घोंगडी एका हिवाळ्यापुरती असते. बुडालेली मजुरी परत मिळाली, ओळखीचा कागद हाती आला, बेकायदा काढलेले घर परत मिळाले, तर त्या माणसास पुढच्या हिवाळ्यात आपल्या दारी येण्याची गरजच उरत नाही. म्हणूनच इव्हो यांनी भाकरीही दिली आणि खटलाही चालविला.

आपल्यात वकील आहेत, निवृत्त कारकून आहेत, कचेऱ्यांचे जाणते आहेत, महाविद्यालयात कायदा शिकणारी मुले-मुली आहेत. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर देवळाच्या आवारात टेबल मांडून बसणे त्यांना जड नाही. अर्ज लिहून देणे, नोटीस वाचून सांगणे, कोणती मुदत केव्हा संपते ते समजाविणे, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. पुढचे काम ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवावे. दूरध्वनीवर 15100 हा क्रमांक त्याकरिताच आहे. ज्यास वाट ठाऊक नाही त्याच्यासोबत त्या कचेरीपर्यंत चालत जाणे, हीदेखील वकिलीच होय, आणि तीस सनद लागत नाही. मात्र इव्हो यांचा नियम आपण पाळावा. जे खरे असेल तेच मांडावे, आणि शक्य असेल तेथे आधी समेट पाहावा.

शेवटी प्रत्येक ख्रिस्ती माणसास एका न्यायासनापुढे उभे राहावयाचे आहे. तेथे कोणते प्रश्न विचारले जातील हे मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने आधीच सांगून ठेवले आहे, आणि त्यांत परक्यास घरात घेतले की नाही हा एक प्रश्न आहे. त्या दिवशी आपल्या बाजूने बोलावयास कोण उभे राहील? ज्यांच्या बाजूने आज आपण उभे राहिलो तेच. महोत्सवाच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामाचे दार उघडे राहो, आणि ते उघडे आहे हे रस्त्यावरच्या माणसास कळो, एवढीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.

संत इव्हो, आम्हांसाठी विनंती करा.